लिल नास एक्स : समलिंगी ओळख न लपवणारा रॅप गायक

अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या साप्ताहिक क्रमवारीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहण्याचा विक्रम २०१९ साली एका वीस वर्षांच्या तरुणाच्या नावावर नोंदला गेला. त्याचे नाव मॉन्टेरो लामार हिल. रसिक त्याला लिल नास एक्स या नावाने ओळखतात. हे गाणे पहिल्या क्रमांकावर असतानाच, ३० जून २०१९ रोजी, त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. पुरुषी आक्रमकता हाच ज्या संगीताचा बाणा मानला जात होता, त्या रॅप संगीतात एवढ्या उंचीवर पोहोचलेल्या कलावंताने असे सांगणे अपूर्व होते. त्याच्या यशाची चर्चा बहुधा समाजमाध्यमांवरील चतुराईपुरती होते. मात्र त्याच्या वाटचालीत एक सूत्र सातत्याने दिसते. इतरांनी आखून दिलेल्या वर्गवाऱ्यांत बसण्यास त्याने वेळोवेळी नकार दिला आणि त्या नकाराची किंमतही मोजली.

बालपण आणि घर

मॉन्टेरो हिल याचा जन्म ९ एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या पश्चिमेस असलेल्या लिथिया स्प्रिंग्ज या गावी झाला. मित्सुबिशी कंपनीच्या ‘मॉन्टेरो’ या मोटारीवरून त्याचे नाव ठेवण्यात आले. तो सहा वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले. त्यानंतरची काही वर्षे त्याने आई आणि आजीसमवेत अटलांटातील बँकहेड कोर्ट्स या सरकारी गृहवसाहतीत काढली. गरिबी आणि गुन्हेगारी यांमुळे ही वसाहत बदनाम होती. पुढे तो वडिलांकडे राहावयास गेला. वडील चर्चमध्ये भक्तिगीते गात असत. त्यामुळे घरात संगीत होते, तसाच धर्माचा प्रभावही होता.

चौथीत असताना तो ट्रम्पेट वाजवण्यास शिकला आणि शाळेच्या वाद्यवृंदात पुढच्या ओळीत पोहोचला. परंतु सवंगड्यांमध्ये आपण हास्यास्पद ठरू, या भीतीने त्याने ते वाद्य सोडून दिले. लोक काय म्हणतील या धाकाने आवडीची गोष्ट लपवण्याचा वा टाकून देण्याचा हा प्रसंग त्याच्या आयुष्यात शेवटचा नव्हता. किशोरवयात तो प्रसिद्ध रॅप गायिका निकी मिनाज हिचा निस्सीम चाहता होता आणि तिच्या चाहत्यांसाठी ट्विटरवर एक खातेही चालवत असे. प्रसिद्धी मिळाल्यानंतर हे खाते आपले नव्हे, असे तो काही काळ सांगत राहिला. निकी मिनाजचा चाहता म्हटले की लोक आपल्याला समलिंगी समजतील, ही भीती त्यामागे असल्याचे त्याने २०२० मध्ये मान्य केले.

शालेय शिक्षणानंतर त्याने वेस्ट जॉर्जिया विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी प्रवेश घेतला. वर्षभरातच शिक्षण सोडून त्याने संगीतात नशीब आजमावण्याचे ठरवले. हे दिवस ओढाताणीचे होते. तो बहिणीच्या घरी आश्रयाला होता आणि आपली गाणी आंतरजालावर टाकून ती ऐकावीत म्हणून लोकांची मनधरणी करीत होता.

तीस डॉलरची चाल

रॅप संगीतात गायक बहुतेकदा तयार वाद्यरचनेवर आपले शब्द लयीत म्हणतो. या वाद्यरचनेला ‘बीट’ म्हणतात. पूर्वी अशा रचनांसाठी ध्वनिमुद्रण कंपन्या, वादक आणि स्टुडिओ यांची आवश्यकता असे. आंतरजालामुळे या बीट थेट विकत घेता येऊ लागल्या. नेदरलँड्समधील यंगकिओ या तरुण संगीतकाराने तयार केलेली अशीच एक बीट लिल नास एक्सने अवघ्या ३० डॉलरना विकत घेतली. तिच्यातील बँजोसारखे सूर ‘नाइन इंच नेल्स’ या रॉक संगीतसमूहाच्या एका वाद्यरचनेतून उचललेले होते. गाणे गाजल्यानंतर त्या समूहाचे ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉस यांनाही गीताचे सहकर्ते म्हणून श्रेय मिळाले.

या बीटवर रचलेले ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे ३ डिसेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाले. त्याची लांबी दोन मिनिटांहूनही कमी होती. घोड्यावर स्वार होऊन दूर निघालेल्या एकाकी गुराख्याची प्रतिमा आणि शहरी कृष्णवर्णीय तरुणांच्या संगीताचा ठेका असे त्याचे रूप होते. लिल नास एक्सने आंतरजालावरील विनोदी चित्रे आणि चित्रफितींना हे गाणे जोडून त्याचा स्वतःच प्रचार केला. २०१९ च्या आरंभी टिकटॉक या माध्यमावर हजारो तरुणांनी ते उचलून धरले. साधा वेश केलेली व्यक्ती गाण्याच्या एका ठोक्यासरशी गुराख्याच्या वेशात अवतरते, अशा चित्रफितींची लाटच आली. मोठ्या कंपन्यांनी गाण्याची दखल घेतली ती यानंतर. मार्च २०१९ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीने त्याच्याशी करार केला.

वर्गवारीचा वाद

अमेरिकेत गाण्यांची लोकप्रियता ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या साप्ताहिक क्रमवारीने मोजली जाते. रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ ऐकत वाढलेल्या आपल्याकडील पिढीला अशा क्रमवारीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. फरक एवढाच की, बिलबोर्ड सर्वसाधारण यादीखेरीज प्रत्येक संगीतप्रकाराची निराळी यादीही प्रसिद्ध करते. मार्च २०१९ मध्ये ‘ओल्ड टाउन रोड’ एकाच वेळी सर्वसाधारण यादीत, रॅपच्या यादीत आणि ‘कंट्री’ संगीताच्या यादीत झळकले. कंट्रीच्या यादीत ते १९ व्या स्थानावर होते. त्यानंतर लवकरच बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीतून काढून टाकले. सध्याच्या कंट्री संगीताची पुरेशी लक्षणे या गाण्यात नाहीत, असे कारण देण्यात आले.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागांतून विकसित झालेले संगीत. त्याचा श्रोतृवर्ग प्रामुख्याने गोरा मानला जातो. या निर्णयावर टीका झाली ती याच कारणाने. गिटारला रॅपच्या ठेक्याची जोड देणाऱ्या गोऱ्या गायकांना कंट्रीच्या यादीत स्थान मिळते, मग कृष्णवर्णीय तरुणाला ते का नाकारावे, असा प्रश्न विचारण्यात आला. वांशिक कारणाने हा निर्णय घेतलेला नाही, असे बिलबोर्डने स्पष्ट केले.

या वादाची मुळे शंभर वर्षे मागे जातात. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी कृष्णवर्णीयांची गाणी आणि गोऱ्या ग्रामीणांची गाणी वेगवेगळ्या याद्यांत विकण्यास प्रारंभ केला. प्रत्यक्षात दक्षिणेतील गावांमध्ये दोन्ही समाजांचे वादक एकमेकांची गाणी वाजवत होते. कंट्रीची ओळख मानले जाणारे बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या परंपरेतून आले आहे. बिलबोर्डने १९४९ साली या याद्यांची नावे बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री अँड वेस्टर्न’ अशी केली. नावे पालटली, तरी विभागणी तशीच राहिली. डीफोर्ड बेली, चार्ली प्राइड यांसारखे मोजके कृष्णवर्णीय कलावंत या क्षेत्रात पुढे आले. ते अपवादच मानले गेले.

लिल नास एक्सने या वादाला संगीतानेच उत्तर दिले. १९९२ साली ‘एकी ब्रेकी हार्ट’ या गीताने गाजलेले कंट्री गायक बिली रे सायरस यांच्यासह त्याने गाण्याची नवी आवृत्ती तयार केली. ती ५ एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. कंट्रीच्या यादीतून वगळलेले गाणे आता सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एप्रिलमधील एका आठवड्यात अमेरिकेत ते आंतरजालावर सुमारे १४ कोटी ३० लाख वेळा ऐकले गेले. हाही त्या वेळचा विक्रम होता.

यापूर्वी मराया केरी आणि ‘बॉइज टू मेन’ यांचे ‘वन स्वीट डे’ तसेच २०१७ मधील ‘देस्पासितो’ ही दोन गाणी प्रत्येकी १६ आठवडे अग्रस्थानी राहिली होती. ‘ओल्ड टाउन रोड’ने १९ आठवड्यांचा पल्ला गाठून त्यांना मागे टाकले. गाण्याची लोकप्रियता लहान मुलांमध्ये विशेष होती. ओहायो राज्यातील एका प्राथमिक शाळेत त्याने मे २०१९ मध्ये हे गाणे सादर केले, तेव्हा सभागृहातील मुले तोंडपाठ शब्द म्हणत उड्या मारीत असल्याचे दृश्य सर्वत्र पाहिले गेले.

३० जून २०१९

अमेरिकेत जून महिना समलिंगी व अन्य लैंगिक अल्पसंख्याकांच्या अभिमानाचा महिना म्हणून पाळला जातो. जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील ‘स्टोनवॉल इन’ या मद्यगृहावर पोलिसांनी घातलेल्या छाप्याला ग्राहकांनी प्रतिकार केला होता. त्या घटनेची ही आठवण आहे. २०१९ मध्ये तिला ५० वर्षे पूर्ण झाली. त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी लिल नास एक्सने ट्विटरवरून आपल्या ‘सेव्हन’ या नव्या संग्रहातील एक गाणे लक्षपूर्वक ऐकण्याचे आवाहन चाहत्यांना केले. संग्रहाच्या मुखपृष्ठावरील इमारतीवर असलेल्या इंद्रधनुष्याच्या रंगांकडेही त्याने लक्ष वेधले. आपण हे पुरेसे उघड केले आहे असे वाटले होते, असा त्याच्या संदेशाचा आशय होता. वडील आणि बहीण यांना त्याने त्याच महिन्यात विश्वासात घेतले होते.

या घोषणेचे वैशिष्ट्य तिच्या वेळेत आहे. अनेक कलावंतांनी आपली समलिंगी ओळख कारकीर्दीच्या उतारावर, वृत्तपत्रांनी गौप्यस्फोट केल्यावर किंवा प्रसिद्धी मिळण्यापूर्वी जाहीर केली आहे. लिल नास एक्सचे गाणे त्या दिवशी देशात पहिल्या क्रमांकावर होते. त्याच्याजवळ गमावण्यासारखे जास्तीत जास्त होते, असाच तो क्षण होता. त्याच्या श्रोत्यांत लहान मुले आणि त्यांचे पालक मोठ्या संख्येने होते. त्यातच कंट्री आणि रॅप या दोन्ही क्षेत्रांत समलिंगी व्यक्तींना सहजासहजी स्वीकारले जात नाही, हे त्याला माहीत होते. हे गुपित मरेपर्यंत जपण्याचे आपण एके काळी ठरवले होते, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे.

घोषणेनंतर समाजमाध्यमांवर त्याची निर्भर्त्सना झाली, तसे त्याचे कौतुकही झाले. गाण्याच्या लोकप्रियतेला मात्र ओहोटी लागली नाही. ते आणखी सहा आठवड्यांहून अधिक काळ अग्रस्थानी राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने बिली रे सायरस यांच्यासह त्याला वर्षातील सर्वोत्तम संगीत सहयोगाचा पुरस्कार दिला. ज्या क्षेत्राच्या यादीतून गाणे वगळले गेले, त्याच क्षेत्रातील संस्थेने केलेला हा गौरव होता. जानेवारी २०२० मध्ये या गाण्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यांपैकी एक युगुल व समूहगायनासाठी, तर दुसरा चित्रफितीसाठी होता.

रॅप आणि पुरुषीपणा

रॅप ज्या हिप-हॉप संस्कृतीचा भाग आहे, तिचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने बहिणीसह भरवलेल्या एका समारंभापासून तिचा आरंभ मानतात. दोन गायकांनी लयबद्ध शब्दांत एकमेकांना नामोहरम करणे, हे रॅपचे जुने अंग आहे. मराठी श्रोत्याला त्यावरून शाहिरीतील कलगी-तुऱ्याच्या सामन्यांची आठवण व्हावी. मात्र रॅपच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या पौरुषावर शंका घेणे हे हमखास शस्त्र होते. समलिंगी व्यक्तींसाठीचे अपशब्द अनेक गाजलेल्या गाण्यांत सर्रास आढळतात.

तरीही समलिंगी कलावंत या क्षेत्रात नव्हतेच, असे नाही. कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात २००० च्या सुमारास समलिंगी रॅप गायकांची एक चळवळ आकाराला आली. तेथे त्यांचे स्वतंत्र महोत्सव भरत. न्यू ऑर्लिन्स शहरात केटी रेड, बिग फ्रीडिया या कलावंतांनी ‘बाउन्स’ या स्थानिक रॅप प्रकारात नाव मिळवले. त्यांची कीर्ती बहुतांशी आपापल्या परिसरात राहिली. २००५ साली लोकप्रिय रॅप गायक कान्ये वेस्ट याने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत रॅपमधील समलिंगीद्वेषावर टीका केली. २०१२ मध्ये फ्रँक ओशन या गायकाने आपले पहिले प्रेम एका पुरुषावर होते, असे जाहीर पत्र लिहिले. यंग एम.ए. या समलिंगी तरुणीचे गाणे २०१६ मध्ये गाजले. २०१७ साली जे-झी या ज्येष्ठ रॅप गायकाने आपल्या आईच्या समलिंगी असण्यावर गीत रचले. त्याच वर्षी आयलव्हमॅकोनन या गायकाने आपली ओळख उघड केली. त्याला मिळालेला पाठिंबा पाहून एका नामांकित रॅप समूहाने नाराजीचे उद्गार काढले, यावरून वातावरणाची कल्पना येते.

लिल नास एक्सच्याच राज्यात जन्मलेल्या एका पूर्वसूरीचा उल्लेख येथे करावयास हवा. रॉक-अँड-रोल संगीताचे आद्य प्रवर्तक लिटल रिचर्ड हे जॉर्जियातील मेकन गावचे. १९५५ मध्ये ‘टुटी फ्रुटी’ या गीताने त्यांनी देशाला वेड लावले. रंगमंचावर ते भडक वेश आणि प्रसाधने करून वावरत. प्रेक्षकांना ते आवडे. परंतु आपल्या समलिंगी असण्याविषयी ते आयुष्यभर दोलायमान राहिले. कधी मोकळेपणी बोलले, तर कधी धर्माच्या ओढीने त्याच गोष्टीला पाप म्हणाले. २०२० साली त्यांचे निधन झाले. रंगमंचावर जे चालते ते घरात आणि चर्चमध्ये चालत नाही, हा पेच लिल नास एक्सच्या पिढीलाही वारशाने मिळाला होता.

‘मॉन्टेरो’ आणि नवे वादळ

एका गाण्यापुरता चमकून विझणारा तारा, अशी त्याच्याविषयीची भाकिते मार्च २०२१ मध्ये खोटी ठरली. २६ मार्च रोजी ‘मॉन्टेरो (कॉल मी बाय युअर नेम)’ हे गीत प्रसिद्ध झाले. एका पुरुषाविषयी वाटणाऱ्या ओढीचे यात उघड वर्णन आहे. चित्रफितीत एदेनची बाग, स्वर्ग आणि नरक यांची दृश्ये आहेत. नायक नरकात उतरून सैतानासमोर नृत्य करतो आणि अखेरीस त्याचा मुकुट स्वतःच्या मस्तकी चढवतो. समलिंगी माणूस नरकात जाईल, असे बालपणापासून ऐकत आलेल्या तरुणाने त्याच शापाचे केलेले हे रूपक होते.

गाण्यासोबत त्याने चौदा वर्षांच्या आपल्या पूर्वरूपाला उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले. ही गोष्ट कधीही उघड करायची नाही असा आपण निश्चय केला होता, याची आठवण त्यात आहे. मात्र आपल्या बोलण्याने इतर अनेकांना मोकळेपणी जगता येईल, असेही त्यात म्हटले आहे. चित्रफितीतील धक्कादायक दृश्यांपेक्षा हे छोटे पत्र त्याची भूमिका अधिक स्पष्ट करते.

धार्मिक संघटना आणि पुराणमतवादी नेते यांनी चित्रफितीवर कडाडून टीका केली. एमएससीएचएफ या कलासमूहाने लिल नास एक्सच्या साथीने नायकी कंपनीच्या बुटांत फेरफार करून ‘सैतानी बूट’ विक्रीस आणले, तेव्हा वाद चिघळला. अशा ६६६ जोड्या तयार करण्यात आल्या आणि त्यांत मानवी रक्ताचा थेंब वापरल्याचे सांगण्यात आले. साउथ डकोटा राज्याच्या तत्कालीन गव्हर्नर क्रिस्टी नोएम यांनी जाहीर निषेध केला. नायकी कंपनी त्या समूहाविरुद्ध न्यायालयात गेली. एप्रिलमध्ये प्रकरण सामोपचाराने मिटले. हा सवंग प्रसिद्धीचा प्रकार आहे, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. लक्ष वेधून घेण्याचे कौशल्य हे त्याचे पहिल्यापासूनचे भांडवल आहे. या वादळातच गाणे मात्र सर्वसाधारण यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘बीईटी’ या कृष्णवर्णीय कलावंतांच्या पुरस्कार सोहळ्यात त्याने रंगमंचावर एका पुरुष नर्तकाचे चुंबन घेतले. रॅप क्षेत्रातील काहींनी त्याला धमकीवजा भाषेत सुनावले. जुलैमध्ये डाबेबी या रॅप गायकाने मायामीतील महोत्सवात एचआयव्ही-बाधित आणि समलिंगी व्यक्तींविषयी अवमानकारक उद्गार काढले. त्यानंतर अनेक महोत्सवांनी त्याचे कार्यक्रम रद्द केले. दहा वर्षांपूर्वी अशा वक्तव्याकडे आयोजकांनी दुर्लक्षच केले असते. रॅपचा बाजार बदलू लागल्याचे हे लक्षण होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘मॉन्टेरो’ला एमटीव्हीच्या सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कार मिळाला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला याच नावाचा त्याचा पहिला पूर्ण संग्रह प्रसिद्ध झाला. जॅक हार्लो याच्यासह गायलेले ‘इंडस्ट्री बेबी’ हे त्याचे अग्रस्थानी पोहोचलेले तिसरे गीत ठरले. त्यात ट्रम्पेटसारख्या वाद्यांचा गजर आहे. शाळेत लाजेपोटी ट्रम्पेट सोडलेल्या मुलाच्या गाण्यात तो घुमावा, हा योगायोग लक्षात राहणारा आहे.

पुढील वाटचाल

यानंतरची वाटचाल सरळ चढणीची नाही. २०२२ मध्ये त्याचा पहिला मोठा दौरा झाला आणि त्यावरील ‘लाँग लिव्ह मॉन्टेरो’ हा माहितीपट २०२३ साली टोरांटो महोत्सवात दाखवण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जे ख्राइस्ट’ या गीतात त्याने पुन्हा धार्मिक प्रतिमा वापरल्या. या वेळी प्रतिसाद थंड होता. गाण्याच्या प्रसिद्धीसाठी केलेल्या एका चित्रफितीबद्दल त्याला ख्रिस्ती श्रोत्यांची क्षमा मागावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याला अटक झाली. पोलिसांवर हल्ला केल्याचे आणि त्यांना विरोध केल्याचे आरोप त्याच्यावर ठेवण्यात आले. न्यायालयात त्याने ते नाकारले.

त्याने उघडलेल्या वाटेचा लाभ मात्र इतरांना झाला. २०२४ मध्ये बियॉन्से हिने कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थान मिळवले. असे स्थान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तिच्या ‘काउबॉय कार्टर’ या संग्रहाला २०२५ चा सर्वोच्च ग्रॅमी मिळाला. शाबूझी या कृष्णवर्णीय गायकाच्या कंट्री गीताने २०२४ मध्ये सर्वसाधारण यादीत १९ आठवड्यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. पाच वर्षांपूर्वी ज्या मिश्रणाला यादीतून बाहेर काढले गेले, तेच आता मुख्य प्रवाहात आले होते.

आपल्याकडील संदर्भ

‘ओल्ड टाउन रोड’ प्रसिद्ध होण्यापूर्वी तीन महिने, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निकाल दिला. या खटल्यातील पहिले याचिकाकर्ते नवतेज सिंग जोहर हे भरतनाट्यम नर्तक आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी असाच निर्णय दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला होता. अमेरिकेतील सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध २००३ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. भारतात विवाहाची मागणी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

कायदा बदलल्याने रंगमंच आणि घर यांमधील अंतर आपोआप मिटत नाही. हे मराठी प्रेक्षकाला नवे नाही. तमाशातील ‘नाच्या’च्या बायकी हावभावांना टाळ्या आणि शिट्ट्या मिळत आल्या. तीच भूमिका करणाऱ्या माणसाला गावात मात्र हेटाळणी सोसावी लागे. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा आणि तीवरून रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या, २०१० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हाच विषय आहे. नाच्याची भूमिका करणारा कलावंत समलिंगी असतोच असे नाही. ‘नटरंग’चा नायकही तसा नाही. तरीही पुरुषीपणाच्या ठरीव चौकटीबाहेर पाऊल टाकणाऱ्याची समाज कशी कोंडी करतो, ते यातून दिसते.

भारतात रॅपला घराघरांत पोहोचवले ते मुंबईच्या वस्त्यांतील तरुणांनी. डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये गाजले आणि २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटाने ही चळवळ देशभर नेली. गरिबी, जात, पोलीस आणि बेकारी हे विषय या गाण्यांत आले. मराठीतही रॅपचा श्रोतृवर्ग वाढला. लैंगिक ओळखीविषयीचा मोकळेपणा मात्र दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांत आधी दिसला. २०१४ चा ‘मिस्टर गे इंडिया’ किताब मिळवलेले मुंबईचे कलावंत सुशांत दिवगीकर यांनी २०१८ मध्ये ‘सारेगमप’ या कार्यक्रमात ‘रानी को-ही-नूर’ या रूपात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही आवाजांत गायन केले. हा कार्यक्रम कुटुंबे एकत्र बसून पाहत असत, म्हणून त्या सादरीकरणाचे मोल अधिक आहे.

मूल्यमापन

लिल नास एक्सचे संगीत श्रेष्ठ की साधारण, याविषयी समीक्षकांत मतभेद आहेत आणि ते राहतील. त्याच्या धक्कातंत्रालाही मर्यादा आहेत, हे २०२४ मध्ये दिसून आले. त्याचे ऐतिहासिक स्थान मात्र एका साध्या गोष्टीवर उभे आहे. समलिंगी रॅप गायक लोकप्रियतेच्या शिखरावर राहू शकत नाही, असे संगीत व्यवसाय गृहीत धरून चालला होता. या समजुतीमुळे किती कलावंतांनी आयुष्यभर मौन पाळले असेल, याची गणती करता येत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात ती समजूत आकड्यांनी खोटी ठरली. घोषणेच्या दुसऱ्या दिवशीही तेच गाणे, तितक्याच लोकांनी ऐकले.

दृष्टिक्षेपात

९ एप्रिल १९९९ : लिथिया स्प्रिंग्ज, जॉर्जिया येथे जन्म
३ डिसेंबर २०१८ : ‘ओल्ड टाउन रोड’ प्रसिद्ध
मार्च २०१९ : कंट्री गीतांच्या यादीतून गाणे वगळले
५ एप्रिल २०१९ : बिली रे सायरस यांच्यासह नवी आवृत्ती
३० जून २०१९ : समलिंगी असल्याचे जाहीर
जानेवारी २०२० : दोन ग्रॅमी पुरस्कार
२६ मार्च २०२१ : ‘मॉन्टेरो’ गीत प्रसिद्ध
१७ सप्टेंबर २०२१ : पहिला पूर्ण संग्रह ‘मॉन्टेरो’ प्रसिद्ध